उणे १९६ अंशांवरची देवणी

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. त्याच्या महिनाभर आधी आमची देवणी गाय बाजारात गेली होती. कडबा परवडत नव्हता. आबा फक्त दावं घेऊन घरी आले.

देवणी हे लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याचं नाव, आणि तिथल्या गाईचंही. अंगावर काळे ठिपके असलेली शेवरा, तोंडाच्या बाजू काळ्या असलेली वानेरा आणि पोटाखाली ठिपके असलेली बालंक्या, हे तिचे तीन प्रकार. शेजारच्या नांदेडात लाल कंधारी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ही जनावरं बघायला आम्ही जायचो. आता मी पुण्यात कोड लिहितो आणि बॅकअप सांभाळतो. म्हणून प्रश्न पडला: गाईच्या जातीचा बॅकअप घेता येतो का?

आबांच्या तोंडी दुष्काळ म्हणजे १९७२ चा. गंमत अशी, की त्याच वर्षी व्हिटिंगहॅम, लिबो आणि मेझर या तिघांनी उंदरांचे भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवले आणि त्यातून जिवंत पिल्लं जन्माला आली. १९७३ मध्ये केंब्रिजला विल्मट आणि रोसन यांनी गोठवलेल्या भ्रूणातून वासरू मिळवलं. तेच विल्मट पुढे १९९६ मध्ये जन्मलेल्या ‘डॉली’ मेंढीमुळे जगाला माहीत झाले.

वीर्य गोठवणं मात्र त्याआधीच, १९४९ मध्ये ग्लिसरीनमुळे जमलं होतं. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला ‘बाएफ’ सुरू केली आणि पुढे गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. कांडीबरोबर जर्सी आली, होल्स्टिन आली. दूध वाढलं, देवणी मागे पडली. पण कांडीत अर्धीच जात असते, उरलेली अर्धी गाईकडून यावी लागते. भ्रूणात जात अख्खी असते.

भ्रूण प्रयोगशाळेतही करता येतो. सोनोग्राफीवर बघत सुईने गाईची बीजांडं काढायची, बशीत फलन करायचं आणि सात दिवस वाढवायचं. बशीतल्या फलनातून पहिलं वासरू १९८१ मध्ये अमेरिकेत जन्मलं. १९९० मध्ये कर्नालला ‘प्रथम’ हे जगातलं पहिलं आयव्हीएफ रेडकू झालं. आज शिरूर तालुक्यात वडगाव रासाईला जेके ट्रस्टची गाई-म्हशींच्या आयव्हीएफची प्रयोगशाळा आहे.

अडचण येते ती गोठवताना. गाईच्या पोटात वाढलेल्या भ्रूणापेक्षा बशीतला भ्रूण नाजूक असतो. त्याच्या पेशींत चरबीचे थेंब जास्त साठतात, विशेषतः ज्या द्रवात तो वाढवतात त्यात रक्तातला सीरम घातला असेल तर. चरबीमुळे भ्रूण काळपट दिसतो आणि थंडी त्याला सोसत नाही.

जुनी पद्धत संथ होती: मिनिटाला साधारण अर्धा अंश उतरायचं, म्हणजे पेशीतलं पाणी हळूहळू बाहेर पडतं. आत उरलेल्या पाण्याचा बर्फ झाला, तर त्याचे स्फटिक पेशी फाडतात. १९८५ मध्ये रॉल आणि फाही यांनी दुसरी वाट दाखवली. द्रव इतका दाट करायचा आणि इतक्या झटकन थंड करायचा, की बर्फ न होता काचच व्हावी. बशीतल्या भ्रूणाला ही वाट जास्त मानवते. पण तो दाट द्रव विषारी असतो. त्यात भ्रूण काही सेकंद जास्त राहिला तरी खेळ संपतो.

वयही महत्त्वाचं. सातव्या दिवशी नीट फुगलेला भ्रूण बहुधा तगतो. रेंगाळत आठव्या दिवशी तिथवर पोहोचलेला कमी तगतो. पुन्हा वितळवण्यातही घाई लागते, नाहीतर परतीच्या वाटेवर बर्फ धरतो.

आमच्या धंद्यात म्हणतात, रिस्टोअर करून पाहिला नाही तो बॅकअप नव्हेच. टाकीत किती भ्रूण आहेत यापेक्षा किती जगून उठतात, हा खरा आकडा. आणि उठलेल्या भ्रूणाला गर्भ वाढवायला दुसरी गाय लागते.

हे सगळं दिवाळीला आबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “बरं, टाकीतून निघंल ती. मग तिला कडबा कोण टाकणार रे?”

दावं अजून गोठ्यातल्या खुंटीलाच आहे.