घरचे शिक्षण आणि अमळनेरचे छात्रालय

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरवलेले आईबाप एकमेकांना जे सल्ले देतात, ते एव्हाना ठरून गेले आहेत. घरात शाळा मांडू नका, तासांचे वेळापत्रक भिंतीवर लावू नका. मुलाला स्वयंपाकघरात, बागेत, बाजारात बरोबर घ्या. रोज रात्री मोठ्याने वाचून दाखवा. दिवसभरात काय झाले याची दोन ओळींची का होईना, पण नोंद ठेवा. दहावीची काळजी आत्तापासून करू नका, वेळ आली की शाळेत न जाता परीक्षेला बसण्यासाठीचा १७ नंबरचा फॉर्म भरता येतो. हे सगळे विचार अमेरिकेतून आले, असे सांगणारे आणि मानणारे पुष्कळ आहेत. त्यात तथ्यही आहे. जॉन होल्ट या शिक्षकाने १९७७ साली तिकडे घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक काढले आणि पालकांची पत्रे हाच त्याचा मोठा आधार होता. पण यातल्या बहुतेक गोष्टी त्याच्या चाळीस-पन्नास वर्षे आधी मराठीत सांगून झाल्या होत्या. त्या पूर्व खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, एका शाळेच्या वसतिगृहात आधी वागून पाहिल्या गेल्या आणि मग छापल्या गेल्या. ते गाव अमळनेर. हा इतिहास नीट पाहिला तर ‘घर की शाळा’ हा आजचा वाद आपल्याकडे ज्या पद्धतीने मांडला जातो, ती मांडणीच चुकीची आहे असे माझे मत आहे.

बोरी नदीकाठचे अमळनेर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसाच्या पैशावर उभे राहात होते. श्रीमंत प्रतापशेठ यांची कापडगिरणी, त्यांच्याच देणगीतून १९१६ साली स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर, त्यांच्या नावाचे हायस्कूल, आणि या सगळ्याच्या आधीपासून संत सखाराम महाराजांच्या समाधीमुळे चालत आलेली वारीची परंपरा, असे हे गाव. कोकणातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले आणि १९२४ साली हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे त्यांच्याकडे छात्रालयाची जबाबदारी आली. आसपासच्या खेड्यांतली मुले तिथे राहात. घरी अहिराणी बोलणारी, आईच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची सवय असलेली, पहिल्यांदाच आईपासून दूर आलेली ही मुले. त्यांना शाळा मिळाली होती, पण घर सुटले होते. साने गुरुजींच्या सहा वर्षांच्या कामाचा अर्थ या एका अडचणीत आहे. शाळेत राहणाऱ्या मुलाला घर कसे द्यायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. घरी राहणाऱ्या मुलाला शिक्षण कसे द्यायचे, या आजच्या पालकाच्या प्रश्नाची ती दुसरी बाजू आहे. दोन्हीकडचे उत्तर मात्र एकाच जागी येऊन मिळते.

ते उत्तर काय होते, हे छात्रालयाच्या रोजच्या वहिवाटीत दिसते. गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवत, कोणी आजारी पडले तर उशाशी बसत, मुलांनी टाकलेले कपडे धुऊन टाकत. यावर भाषण नसे. मूल खेळून परत यावे आणि आपली काच लख्ख पुसलेली दिसावी, एवढेच. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते मूल लाजून स्वतः काच पुसायला घेई. आज्ञा न करता काम शिकवण्याची ही रीत आहे, आणि ज्यांनी मुले वाढवली आहेत त्यांना ती किती धीर मागते हे ठाऊक आहे. तिच्या जोडीला ‘छात्रालय दैनिक’ होते. गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहीत आणि मुले ते वाचत. छात्रालयातल्या बारीकसारीक घटना, बाहेरच्या जगातली एखादी बातमी, एखाद्या थोर माणसाची गोष्ट, कुणाच्या चांगल्या वागण्याची दखल. रोज, हाताने, मोजक्या मुलांसाठी लिहिलेला असा मजकूर मराठी शिक्षणाच्या इतिहासात फार क्वचित सापडतो. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. रोजच्या हस्तलिखितापासून छापील मासिकापर्यंत, म्हणजे एका छात्रालयापासून अनेक घरांपर्यंत ही वाट गेली.

१९३० साली गुरुजींनी नोकरी सोडली आणि ते सविनय कायदेभंगात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे २१ फेब्रुवारी ते १९ जून असे १८ रविवार गीतेवर बोलले, आणि ती प्रवचने गुरुजींनी उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग पाच दिवसांत लिहिला. १९३५ साली ते पुस्तक आले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आईवरचे हे पुस्तक पालगडच्या घरातून सरळ कागदावर उतरलेले नाही. मध्ये अमळनेरची सहा वर्षे आहेत. पुस्तकाची बांधणीच याची साक्ष देते. श्याम, म्हणजे गुरुजीच, आश्रमातल्या सोबत्यांना रात्री, प्रार्थनेनंतर, एकेक आठवण सांगतो. ४२ रात्री. ही रचना दिवसाचे काम संपल्यावर एकत्र राहणाऱ्यांनी बसून ऐकण्याची आहे, आणि ज्याने वर्षानुवर्षे छात्रालयातल्या मुलांना गोष्टी सांगितल्या त्यालाच ती इतकी सहज सुचू शकते. पत्रावळ लावायचा कंटाळा करणाऱ्या श्यामला शेवटी ती शिकावीच लागते, पाण्याला भिऊन लपणाऱ्या श्यामला पोहायला जावेच लागते. पाढे, व्याकरण, परीक्षा यांना या पुस्तकात जागा थोडी. जे शिकवले जाते ते कामातून, आणि जे लक्षात राहते ते गोष्टीतून. मराठी घरांत हे पुस्तक मुलांना वाचायला दिले गेले, पण ते वाचून सर्वाधिक शिकल्या त्या आया, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

यावर पहिली हरकत सरळ आहे. ‘श्यामची आई’ हा इतिहासाचा कागद नव्हे. मुलाने मोठेपणी, आई गेल्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, तुरुंगात डोळे भरून लिहिलेल्या आठवणी त्या. त्यावरून १९०५ च्या सुमाराचे पालगड उभे करणे धोक्याचे आहे, आणि हे मान्यच करायला हवे. पण माझा दावा पालगडाबद्दल नाही. सहा वर्षे दुसऱ्यांची मुले सांभाळलेल्या शिक्षकाला १९३३ साली आईचे कोणते वागणे सांगण्याजोगे वाटले, याचा हा पुरावा आहे. एवढ्यापुरता तो भक्कम आहे.

दुसरी हरकत अशी की हे एका कोकणस्थ ब्राह्मण घराचे शहाणपण. त्याचा खानदेशाशी संबंध काय? इथे बहिणाबाई चौधरी आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला जन्मलेल्या, शेतात राबणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई जात्यावर आणि शेतात काम करता करता ओव्या रचत गेल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्या लिहून ठेवल्या, म्हणून बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ साली त्यांचे पुस्तक निघू शकले. सोपानदेव शाळेत गेले आणि कवी झाले. पण शब्दांची पहिली शिकवण त्यांना कुठून मिळाली असेल, याला फार तर्क नको. पेरणी, मळणी, चुलीवरचा तवा यांच्याकडे पाहून त्यातून विचार काढण्याची सवय त्या घरात रोज कानावर पडत होती. कोकणातल्या ब्राह्मण घरातली आई आणि खानदेशातली निरक्षर आई, दोघींच्या शिकवण्याचे साधन एकच होते, हातातले काम. दोघींचेही शब्द उरले ते शाळेत गेलेल्या मुलाने लिहून घेतल्यामुळे. धुळ्याच्या तुरुंगात बोललेले विनोबा आणि असोद्याची बहिणाबाई या दोघांच्याही बाबतीत खानदेशाने बोललेले कागदावर आणले. घरातल्या रोजच्या सल्ल्याचे आयुष्य फार लहान असते. सांगणारी गेली की तो जातो. म्हणून आजच्या पालकांना रोजची नोंद ठेवायला सांगितले जाते तेव्हा त्यात केवळ परीक्षेची सोय पाहू नये.

तिसरी हरकत सर्वांत जड आहे, आणि तिला अर्धवट उत्तर देऊन भागणार नाही. घरात शिक्षण ही ज्यांची परंपरा होती, त्यांच्या घराबाहेर बहुसंख्य समाज अक्षराविना ठेवला गेला होता. जोतीराव फुल्यांनी सावित्रीबाईंना घरी शिकवले हे खरे, पण त्यांनी तिथे न थांबता १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. घरावर विसंबून चालणार नाही हे त्यांना पक्के माहीत होते. मुलींच्या बाबतीत तर घर हेच पुष्कळदा आडवे आले. रमाबाई रानड्यांना पती शिकवत होते आणि घरातल्याच बायका त्यांना छळत होत्या. तेव्हा घरचे शिक्षण हे शाळेपेक्षा मुळात पवित्र आहे असे कुणी म्हणत असेल तर महाराष्ट्राचा इतिहास त्याच्या विरुद्ध उभा राहतो. अमळनेरची गोष्ट मला मोलाची वाटते ती यासाठीच. तिथे घराची माया शाळेच्या आत नेली गेली, शाळा बंद करून नव्हे. गुरुजींना बंद दारांचा अर्थ कळत होता. ‘श्यामची आई’मध्ये म्हाताऱ्या महारणीला मोळी उचलून द्यायला आई श्यामला सांगते आणि नंतर आंघोळ करायलाही सांगते. माया आणि विटाळ एकाच घरात नांदत होते, ते पुस्तकाने लपवलेले नाही. तोच श्याम मोठा होऊन १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसला. आईच्या शिकवणीतले काय ठेवायचे आणि काय ओलांडायचे, हे त्याला घराबाहेर पडल्यावर उमगले. आज शिक्षण हक्क कायदा, २००९ असताना मुलाला घरी ठेवण्याची मोकळीक ज्या पालकांना हवी आहे, त्यांनी हा भाग विसरू नये. शाळेचे दार सर्वांसाठी उघडे राहिले तरच त्यातून बाहेर पडण्याचा निर्णय हा निर्णय ठरतो.

शिक्षेचा मुद्दाही टाळता येत नाही. पाण्याला भिणाऱ्या श्यामला आई मारते आणि पुस्तक तिची बाजू घेते. त्याच काळात गिजुभाई बधेका गुजरातीत आणि ताराबाई मोडक मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ चालवून पालकांना सांगत होते की मार नको, धाक नको आणि आमिषही नको, मुलाला हाताने करू द्या. एकाच दशकात मराठी पालकाच्या हाती हे दोन सल्ले आले. दोन्हींत हाताच्या कामाला मान आहे, फरक धाकाचा आहे. यात ताराबाईंची बाजू मला निःसंशय बरोबर वाटते. पण छात्रालयातले गुरुजी त्यांनी रंगवलेल्या आईपेक्षा ताराबाईंच्या जास्त जवळचे होते, हेही नोंदवले पाहिजे. काच पुसून ठेवणारा माणूस छडी घेऊन उभा राहात नाही.

उरला एक आक्षेप, जो आज प्रत्येक घरी शिकवणाऱ्या कुटुंबात उठतो: हे सगळे करायचे कोणी? सल्ले आईबापांना दिले जातात आणि दिवस आईचा जातो. नोकरी तिने सोडायची, मोठ्याने वाचून तिने दाखवायचे, नोंद तिने ठेवायची, संध्याकाळी बापाने येऊन मुलाची प्रगती विचारायची. ‘श्यामची आई’ या नावाने हे ओझे आईच्या माथी आणखी घट्ट बांधले गेले, असा दोष देता येतो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. पण ज्या सहा वर्षांतून ते पुस्तक उगवले, त्या काळात अंथरुणे आवरणारा, कपडे धुणारा, तापलेल्या मुलाच्या कपाळावर पट्टी ठेवणारा आणि मग रात्री कंदिलाशी बसून दैनिक लिहिणारा माणूस पुरुष होता. दिवसा शाळेत तास घेऊन आलेला, एम.ए. झालेला पुरुष. आईचे काम पुरुषाला करता येते, आणि मुले त्याला तितकीच बिलगतात, हे अमळनेरच्या छात्रालयाने १९३० च्या आत दाखवून दिले होते. घरी शिकवणाऱ्या बापांना सांगण्याजोगे या गावाकडे एवढे तरी नक्की आहे, आणि बायकांनी एकमेकींना दिलेल्या सल्ल्यांच्या यादीत ते अजून खालीच राहिले आहे.