थायरिस्टर: सुरू होतो आपल्या हुकमाने, थांबतो स्वतःच्या वेळेने

‘डायोड आणि थायरिस्टरमधला फरक सांगा.’ पीएचडी प्रवेशाची तयारी करताना हा प्रश्न तुम्ही अनेकदा वाचला असेल. उत्तरही पाठ असेल: एकात दोन थर, दुसऱ्यात चार, एकाला दोन टोकं, दुसऱ्याला तीन. बरोबर आहे. पण मुलाखतीत कोणी पुढे विचारलं, ‘ते तिसरं टोक आणायची गरज का पडली?’, तर बरेच जण अडतात. याचं उत्तर इतिहासात आहे, आणि त्यातला मोठा भाग आपल्या विदर्भातच बघायला मिळतो.

आधी डायोड

धातूच्या सल्फाइड स्फटिकातून वीज एका दिशेने सहज आणि उलट दिशेने कमी जाते, हे कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी १८७४ मध्ये नोंदवलं. सिलिकॉनमधला पी-एन संधी मात्र १९४० मध्ये बेल लॅबमध्ये रसेल ओल यांच्या हाती लागला. सरळ दिशेने साधारण ०.७ व्होल्ट मिळाले की सिलिकॉन डायोड वाहू लागतो, उलट दिशेने अडवतो. तो कोणाच्या हुकमाची वाट बघत नाही. हाच त्याचा गुण आणि हीच त्याची मर्यादा.

आंबागड भागातल्या वाचकांनी तुमसर रोड स्टेशनवरून जाणारं डब्ल्यूएपी-४ इंजिन आठवावं. वरच्या तारेत २५ हजार व्होल्टचा एसी, खाली डीसी मोटरी, आणि मध्ये सिलिकॉन डायोड. आता वेग कमी-जास्त कसा करायचा? डायोडला ‘थोडं कमी दे’ असं सांगताच येत नाही. म्हणून या इंजिनात ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलून व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवावं लागतं. नियंत्रणाचं काम यंत्राच्या दुसऱ्याच भागावर जाऊन पडतं.

मग थायरिस्टर

१९५६ मध्ये मोल, टॅनेनबॉम, गोल्डी आणि होलोन्याक यांनी पी-एन-पी-एन अशा चार थरांच्या स्विचवर निबंध प्रसिद्ध केला. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने गेट असलेला सिलिकॉन नियंत्रित रेक्टिफायर तयार केला. हे चार थर म्हणजे एकमेकांत गुंतलेले दोन ट्रान्झिस्टर समजा. गेटला छोटा स्पंद दिला की पहिला दुसऱ्याला चालू करतो, दुसरा पहिल्याला चालू ठेवतो. मग गेटचा प्रवाह काढून घेतला तरी फरक पडत नाही. तलावाचं असं फाटक डोळ्यांसमोर आणा, जे आपण ढकलून उघडतो, पण नंतर पाण्याचाच जोर त्याला उघडं धरतो. पाणी ओसरल्याशिवाय ते मिटत नाही. थायरिस्टरही प्रवाह ‘होल्डिंग करंट’च्या खाली गेल्याशिवाय बंद होत नाही.

म्हणजे सुरुवात कधी करायची, एवढंच आपल्या हातात. पण एसीमध्ये तेवढं पुरतं, कारण तिथे प्रवाह दर आवर्तनात आपोआप शून्यावर येतो.

७५२ किलोमीटरची परीक्षा

१९५४ मध्ये स्वीडनच्या गॉटलंड बेटाला उच्चदाब डीसीने वीज नेली, तेव्हा पाऱ्याच्या वाफेच्या झडपा वापरल्या होत्या. १९७२ मध्ये कॅनडातल्या ईल रिव्हर केंद्रात पूर्ण काम थायरिस्टरवर आलं. आपल्याकडे १९९९ मध्ये चंद्रपूर–पडघे लाइन सुरू झाली: ±५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॅट, ७५२ किलोमीटर. कोळशाजवळ तयार झालेली वीज थेट ठाणे जिल्ह्यात.

आता नीट बघा. चंद्रपूरला एसीचा डीसी करायचा आहे; नियंत्रण नको असतं तर ते डायोडनेही झालं असतं. पण पडघ्याला डीसीचा परत एसी करायचा आहे, आणि ते डायोडला अशक्य आहे. थायरिस्टरला मात्र गेटचा स्पंद उशिरा देता येतो. हा फायरिंग कोन ९० अंशांच्या पुढे नेला की सरासरी व्होल्टेज उलटं होतं आणि तोच ब्रिज डीसीची ऊर्जा एसी ग्रिडमध्ये ढकलू लागतो. दोन्ही टोकांना तेच उपकरण, फरक फक्त वेळेचा.

याची किंमतही आहे. पडघ्याचे थायरिस्टर बंद करायला तिथल्या ग्रिडचंच व्होल्टेज लागतं. बिघाडामुळे ते एकदम घसरलं, तर बंद होऊ पाहणाऱ्या थायरिस्टरला सावरायला पुरेसा वेळ मिळत नाही आणि तो पुन्हा वाहू लागतो. याला कम्युटेशन फेल्युअर म्हणतात, आणि त्यावर आजही शोधनिबंध येतात.

बंद करण्याची सोय

रेल्वे इंजिनात तीन-फेज मोटर चालवायची तर डीसीपासून हवा तसा एसी बनवावा लागतो. तिथे थायरिस्टर बंद करून द्यायला ग्रिड नसतं. म्हणून गेटनेच बंद होणारा जीटीओ थायरिस्टर आला. १९९५ मध्ये आयात झालेल्या डब्ल्यूएपी-५ इंजिनांत तो होता. पुढे त्याची जागा आयजीबीटीने घेतली. तरी मोठ्या डीसी लाइनवर साधा थायरिस्टर टिकून आहे, कारण तो प्रचंड वीज कमी अपव्ययात पेलतो. आणि जिथे नियंत्रणाची गरजच नाही, तिथे डायोड आजही सगळ्यात सोपा आणि स्वस्त.

संशोधनाचा विषय शोधताना हे लक्षात ठेवा. उपकरण काय करतं, हे पाठ्यपुस्तकात असतंच. ते काय करू शकत नाही, आणि त्या अडचणीचा भार सर्किटमध्ये कोणावर पडतो, हे विचारा. डायोडचा भार टॅपवर पडला, थायरिस्टरचा ग्रिडवर. आयजीबीटीचा कोणावर पडतो, हे शोधायला आजच सुरुवात करा.