अकरावी-बारावीची केमिस्ट्री एवढी अवघड का वाटते? अभ्यास नेमका कसा करायचा?

दहावीला विज्ञानात भरघोस गुण मिळवलेली मुलं अकरावीच्या पहिल्याच चाचणीत केमिस्ट्रीत अडखळतात. मग घरात दोनच निष्कर्ष निघतात: 'अभ्यास करत नाही' किंवा 'सायन्स झेपत नाही'. खरं कारण बऱ्याचदा तिसरंच असतं. ते समजून घेऊया.

दहावी आणि अकरावीत एवढा फरक का?

राज्य मंडळाच्या २०१८ पासूनच्या दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये १० पाठ आहेत आणि त्यातले केमिस्ट्रीचे फक्त ४. अकरावीच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात १६ पाठ आहेत, बारावीच्याही १६.

त्यात मराठी माध्यमातल्या मुलांसमोर आणखी एक भिंत असते. काल शिकलेली 'संयुजा' आज 'व्हॅलन्सी' होते, 'आम्लारी'चं 'बेस' होतं आणि 'क्षपण'चं 'रिडक्शन'. संकल्पना माहीत असते, फक्त नाव ओळखू येत नाही. यावर साधा उपाय म्हणजे वहीच्या मागच्या पानांवर जुना आणि नवा शब्द समोरासमोर लिहून ठेवणं. पहिल्या दोन महिन्यांत ही यादी खूप कामाला येते.

सुरुवात कुठून करायची?

मोल या संकल्पनेपासून. डझन म्हणजे १२, तसं मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात एवढे कण. १८ ग्रॅम पाणी, म्हणजे मोठा चमचाभर पाणी, यात एवढे रेणू असतात. द्रावणं, समतोल, इलेक्ट्रोकेमिस्ट्री, रिॲक्शनचा वेग या सगळ्यांतली गणितं मोलवर उभी आहेत. हा पाठ कच्चा राहिला तर बारावीपर्यंत त्रास होतो.

तिन्ही भागांचा अभ्यास एकाच पद्धतीने चालतो का?

नाही. इथेच बहुतेकांची गाडी अडते.

• फिजिकल: इथे गणितं सोडवावीच लागतात. सूत्र पाठ असूनही उत्तर चुकतं, कारण एककं. तापमान २७ अंश सेल्सिअस दिलं असेल, तर सूत्रात ३०० केल्विन घालायचे. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये असेल, तर गॅस कॉन्स्टंट ०.०८२१ घ्यायचा, ऊर्जा ज्यूलमध्ये हवी असेल, तर ८.३१४.

• इनऑरगॅनिक: याला 'पाठांतराचा भाग' म्हणतात, पण कारण कळलं की पाठांतर निम्मं होतं. कॉपर सल्फेटचं द्रावण निळं, मग झिंक सल्फेटचं रंगहीन का? कॉपरच्या आयनमध्ये डी ऑर्बिटल पूर्ण भरलेले नसतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून वर उडी मारू शकतो. झिंकच्या आयनमध्ये ते पूर्ण भरलेले असतात, उडी मारायला जागाच नसते.

• ऑरगॅनिक: प्रत्येक रिॲक्शन वेगळी पाठ करू नका. 'इलेक्ट्रॉन कुठे जास्त, कुठे कमी?' हा प्रश्न विचारा. अल्डिहाइडमध्ये ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून शेजारचा कार्बन किंचित धन होतो. इलेक्ट्रॉन देऊ पाहणारा कण त्याच कार्बनवर येतो. एवढं लक्षात ठेवलं, तर त्या पाठातल्या बऱ्याच रिॲक्शन एका धाग्यात बसतात.

प्रॅक्टिकल फक्त गुणांसाठी असतं का?

बारावी बोर्डात लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रॅक्टिकल ३० गुणांचं. पण फायदा गुणांपुरता नाही. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन घ्या. फ्लास्क आधी गरम करतात, कारण थंड द्रावणात रिॲक्शन फार हळू होते. पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो, नंतरच्या थेंबांचा पटकन जातो, कारण तयार होणारा मँगनीजचा आयनच पुढे उत्प्रेरक बनतो. म्हणजे एकाच प्रयोगात मोल, रेडॉक्स आणि रिॲक्शनचा वेग असे तीन पाठ डोळ्यांसमोर घडतात. तयार रीडिंग उतरवून घेणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

प्रवेश परीक्षांत केमिस्ट्रीचं वजन किती?

इंजिनीअरिंग, मेडिकल, फार्मसी अशा तिन्ही वाटांवर केमिस्ट्री भेटते. नीटमध्ये ७२० पैकी १८० गुण केमिस्ट्रीचे असतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. एमएचटी-सीईटीमध्ये केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडू नये. नीटमध्ये मात्र अंदाजपंचे उत्तर महाग पडतं.

सीईटीत साधारण २० टक्के भर अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतो, नीट आणि जेईईमध्ये तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्यामुळे 'अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष' हा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. आणि पहिल्या चाचणीत गुण कमी आले असतील, तर शाखा बदलण्याचा विचार करण्याआधी मोलचा पाठ पुन्हा एकदा उघडा.