ओतकामातील वायुदोष आणि संगणक
वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन सहज विरघळतो. धातू गोठताना हायड्रोजनची विद्राव्यता सुमारे 20 पटींनी घटते आणि बाहेर पडणारा वायू बारीक छिद्रांच्या रूपाने आतच अडकतो. कोअरमधली (ओतीव भागात पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्यातली) राळ जळून सुटणारा वायू आणि ओतताना कोंडलेली हवा, हीही कारणे असतातच. जुने कारागीर साच्याला सळईने वायुछिद्रे पाडत, कोअर भट्टीत खडखडीत वाळवत. हे ज्ञान मोलाचे होते. पण आतला दोष बहुधा यंत्रण करतानाच उघडा पडे, तोवर सगळा खर्च झालेला असे.

1960च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी अमेरिकेत गोठणक्रियेचे गणित संगणकावर मांडले. ते उष्णतेपुरते होते. वायुदोषांसाठी प्रवाहाचे गणित हवे होते आणि खरी कलाटणी तिथेच मिळाली. ब्रिटिश धातुतज्ज्ञ जॉन कॅम्बेल यांनी दाखवले की, ॲल्युमिनियम सेकंदाला सुमारे अर्ध्या मीटरहून अधिक वेगाने साच्यात शिरले, तर पृष्ठभाग उसळून हवा व ऑक्साइडचे पापुद्रे आत ओढले जातात. असे कुठे घडेल ती जागा आता साचा बनवण्याआधीच संगणकाच्या पडद्यावर दिसते आणि गेटिंग (धातू साच्यात नेणारे मार्ग) बदलता येते. कोअरमधल्या वायूचे अनुमान मात्र अधिक अवघड आहे, कारण ते राळेचे प्रमाण, वाळूची पारगम्यता आणि वायुमार्ग यांवर एकाच वेळी अवलंबून असते.