एका अनावृत पत्राची गोष्ट

पत्र हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवताना आपली उदाहरणे बहुधा कौटुंबिक किंवा वैचारिक पत्रांची असतात. एका पत्रामुळे देशाचा फौजदारी कायदा बदलायला लागला, त्याचे मूळ विदर्भात आहे. ते मात्र आपण विधी महाविद्यालयांकडे सोपवून मोकळे झालो आहोत.

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या (तेव्हा चंद्रपूर, आज गडचिरोली जिल्हा) पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची एका किशोरवयीन आदिवासी मजूर मुलीची तक्रार होती. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये मुलीलाच खोटारडी ठरवून आरोपींना सोडले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. भीतीपोटी निमूट सोसणे म्हणजे संमती नव्हे, असे त्या निकालाचे सार होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे प्रतिकार नाही आणि म्हणून संमती, असा तो तर्क!

निकालाची भाषा थंड आहे. तिच्याविरुद्ध कोणी काही लिहील असे वाटू नये, इतकी थंड. पण १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. त्यांनी नवा पुरावा आणला नाही. होता तोच मजकूर पुन्हा वाचला. संमती आणि शरणागती या दोन शब्दांमधले जे अंतर नागपूरला दिसले होते, ते दिल्लीत का पुसले गेले, एवढेच विचारले. रात्रीच्या ठाण्यात, गणवेशातल्या माणसासमोर, एका गरीब मुलीच्या गप्प राहण्याचा अर्थ कोणी आणि कसा लावायचा? आपल्या परिभाषेत, हे निकालपत्राचे निकट वाचन होते.

पुढच्या काही महिन्यांत मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभे राहिले, ८ मार्च १९८० ला अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या, विधी आयोगाने त्याच वर्षी ८४ वा अहवाल दिला. कायदा व्हायला मात्र १९८३ उजाडले. पोलीस कोठडीतल्यासारख्या बलात्कारांत संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे ११४-अ हे कलम साक्ष्य कायद्यात आले. (१ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष्य अधिनियमात ते कलम १२० आहे.) शिक्षाही वाढली. शिक्षा वाढवणे सरकारला सोपे जाते. तपासाची रीत बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडते, असे मला वाटते. कारण फिर्यादी स्त्रीचे पूर्वचारित्र्य काढून तिची साक्ष मोडण्याची मुभा देणाऱ्या १५५(४) या कलमाला त्या वर्षी कोणी हात लावला नाही. ते २००२ च्या दुरुस्तीने गेले. मधली एकोणीस वर्षे स्त्रियांना उलटतपासणीत काय ऐकावे लागले असेल, याचा हिशेब कोणत्याही अहवालात नाही.

त्याच १९८३ च्या कायद्याने पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरवले. म्हणून मीही ते इथे लिहिलेले नाही. पाठ्यपुस्तकांत हा खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. निकालसंग्रहात मात्र त्याचे शीर्षक ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असे आहे, म्हणजे एक आरोपी आणि सरकार. १९८३ चा कायदा पूर्वलक्षी नव्हता. १९७८ चा तो निकाल बदलला नाही.