एका फळीची किंमत

समजा, एका सुताराकडे ४० फळ्या आहेत आणि हाताशी ३० दिवस. टेबलाला २ फळ्या नि १ दिवस लागतो, खुर्चीला १ फळी नि १ दिवस. टेबल विकून ५०० रुपये येतात, खुर्ची विकून ३००. जास्तीत जास्त कमाई कशी व्हावी?

टेबलाला जास्त भाव, म्हणून त्यानं टेबलंच केली तर २० टेबलांत फळ्या संपतात. १० हजार येतात, पण १० दिवस तो रिकामा बसतो. नुसत्या ३० खुर्च्या केल्या तर ९ हजार. १० टेबलं आणि २० खुर्च्या केल्या तर फळ्याही पुरतात, दिवसही भरतात आणि ११ हजार मिळतात.

हा हिशेब कागदावर मांडला की चार कोपऱ्यांचं एक शेत दिसू लागतं. फळ्या आणि दिवस हे त्याचे बांध. सर्वाधिक कमाई कुठल्या तरी कोपऱ्यावर सापडतेच. म्हणून एका कोपऱ्यावरून निघायचं, कमाई वाढेल त्या शेजारच्या कोपऱ्याकडे बांधावरून जायचं आणि वाढ थांबली की आपणही थांबायचं. हीच सिम्प्लेक्स पद्धत. वस्तू शेकडो असल्या तर चित्र काढता येत नाही, पण आकड्यांच्या तक्त्यात हीच चाल चालते.

१९४७ साली ही पद्धत जॉर्ज डँट्झिग यांनी शोधली. ते अमेरिकी हवाई दलाच्या नियोजनाचं काम पाहत. माणसं आणि सामान यांच्या आखणीला लष्करात ‘प्रोग्राम’ म्हणत. ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’मधला शब्द तिथून आला, संगणकावरून नव्हे. लगेच न्यूयॉर्कमध्ये तिची परीक्षा झाली. ७७ पदार्थांतून माणसाचं वर्षभराचं पोषण कमीत कमी खर्चात कसं भागवावं, हा प्रश्न होता. अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी अदमासानं ३९ डॉलर ९३ सेंट हा आकडा काढला होता. नऊ कारकून गणनयंत्रं घेऊन बसले, सुमारे १२० मनुष्यदिवस खपले आणि उत्तर आलं ३९ डॉलर ६९ सेंट. फरक अवघा २४ सेंटांचा! पण याहून स्वस्त काही असूच शकत नाही, ही खात्री मात्र नवी होती.

याच जातीचा प्रश्न १९३९ साली लेनिनग्राडमध्ये लिओनिद कांतोरोविच यांनी आपल्या रीतीनं सोडवला होता. प्लायवूडच्या कारखान्यात कुठल्या यंत्राला कुठलं काम द्यावं, असा तो प्रश्न. पण त्यांच्या उत्तरातून एक अडचणीची गोष्ट बाहेर आली. आपल्या सुताराला आणखी १ फळी मिळाली तर ११ टेबलं नि १९ खुर्च्या करून त्याचे २०० रुपये वाढतात. आणखी १ दिवस मिळाला तर १०० रुपये. म्हणजे टंचाईच स्वतःची किंमत सांगते. वस्तूचं मोल तिच्यात ओतलेल्या श्रमावरून ठरतं, असं मानणाऱ्या राजवटीत हे बोलणं जोखमीचं होतं. कांतोरोविच यांनी १९४२ मध्ये लिहिलेलं पुस्तक छापून यायला १९५९ साल उजाडलं.

१९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल कांतोरोविच आणि अमेरिकेतले ट्यालिंग कूपमन्स यांना मिळालं. डँट्झिग यांचं नाव त्यात नव्हतं. कूपमन्स यांना ते इतकं लागलं, की बक्षिसातला काही भाग त्यांनी एका संशोधन संस्थेला देऊन टाकला.

पुढे १९८४ साली, मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी बांध सोडून शेताच्या मधून जाणारी जलद वाट दाखवली. तरी सिम्प्लेक्स आजही वापरात आहे. दोन्ही वाटांनी गेलं तरी हिशेब तोच जुळतो: ४० फळ्यांचे ८ हजार, ३० दिवसांचे ३ हजार, बेरीज ११ हजार. फळी २०० रुपयांच्या आत मिळाली तर सुतारानं जरूर घ्यावी, त्याहून महाग असली तर दुकानदाराला नमस्कार करून परतावं.