मृत भाषेचा कित्ता : निप्पूरच्या मातीच्या पाट्या

प्राचीन संस्कृतीचे साहित्य शाळकरी मुलांना शिकवणे ही आधुनिक काळाची कल्पना नव्हे. ज्या मेसोपोटेमियाला आज जग प्राचीन म्हणते, त्या मेसोपोटेमियातील मुलेही शाळेत एक प्राचीन साहित्यच शिकत होती, आणि तेही बोलीतून लोपलेल्या भाषेतले. सुमेरियन वाङ्मय म्हणून जे आज ज्ञात आहे, त्याचा फार मोठा भाग या मुलांच्या अभ्यासाच्या पाट्यांवरूनच हाती आला आहे.

काळ इ.स.पू. १७४० च्या आसपासचा. बॅबिलोनच्या गादीवर हम्मुराबीचा पुत्र सम्सुइलुना होता. दक्षिण इराकमधील निप्पूर हे एन्लिल देवाचे पवित्र नगर. तेथील घरांत आणि बाजारांत अक्कादी बोलली जाई. ती अरबी व हिब्रूच्या कुळातली सेमिटिक भाषा. सुमेरियनचे मात्र कोणत्याच ज्ञात भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. ती मातृभाषा म्हणून बोलणारी माणसे बहुधा काही पिढ्यांपूर्वीच संपली होती. तरीही लेखनिक व्हायचे तर सुमेरियन आलीच पाहिजे, असा दंडक होता.

या शाळेला सुमेरियनमध्ये ‘एदुब्बा’ म्हणत. शब्दाचा रूढ अर्थ ‘पाट्यांचे घर’. पाटी ओल्या मातीची आणि लेखणी बोरूची. बोरूचे टोक मातीत दाबले की खिळ्यासारखा ठसा उमटे. म्हणून ही कीलाकार लिपी. आरंभी मूल उभे, आडवे आणि तिरपे ठसे गिरवी. मग अक्षरगट येत : तु-ता-ती, नु-ना-नी, बु-बा-बी. बाराखडी घोकलेल्या कोणालाही ही लय ओळखीची वाटेल. पुढे माणसांची नावे, आणि त्यानंतर शब्दांच्या अवाढव्य याद्या. प्रथम झाडे व लाकडी वस्तू, मग बोरू-वेताच्या वस्तू, भांडी, कातडी, धातू, जनावरे, दगड, मासे, पक्षी, वस्त्रे, गावे, खाद्यपदार्थ. अशा हजारो नोंदी पाठ कराव्या लागत. जोडीला वजनेमापे आणि पाढे होतेच. गणना ६० वर आधारलेली असल्याने गुणाकाराचे पाढे ५० पासून सुरू होऊन खाली उतरत. पावकी-निमकी घोकणाऱ्या जुन्या मराठी शाळांतील मुलांनाही ही उजळणी जडच गेली असती.

कित्त्याची पद्धत पाट्यांवर आजही दिसते. पाटीच्या डाव्या अर्ध्या भागात गुरुजींचे वळणदार अक्षर, उजव्या अर्ध्या भागात शिष्याची नक्कल. नक्कल झाली की ती माती पुसून किंवा खरवडून पुन्हा लिहायचे. त्यामुळे अनेक पाट्यांची उजवी बाजू डावीपेक्षा पातळ झालेली आढळते. निप्पूरच्या एका पाटीवर तर अक्षरांसोबत दातांचे ठसे आहेत. साधारण बारा-तेरा वर्षांच्या मुलाने तिचा चावा घेतला असावा, असा निष्कर्ष निघाला. कारण कंटाळा की राग, हे पाटी सांगत नाही.

१९५१-५२ मध्ये अमेरिकी पथकाने निप्पूरमध्ये एक साधे घर उकरले. संशोधनात ते ‘घर एफ’ या नावाने ओळखले जाते. त्यात सुमारे १४०० पाट्या व तुकडे मिळाले, आणि त्यांतील बहुतेक शालेय होते. काही पाट्या घराच्या डागडुजीत बांधकामाच्या साहित्यासारख्या वापरलेल्या होत्या. जुन्या पाट्या भिजवून माती पुन्हा मळण्यासाठी डांबराचा लेप दिलेले कुंडही तेथे होते. एलेनॉर रॉबसन यांनी २००१ मध्ये या घराचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून उभे राहणारे चित्र भव्य विद्यालयाचे नाही. ते एका शिक्षकाच्या घरातील मोजक्या मुलांच्या अध्ययनाचे आहे.

मात्र हीच मुले आपल्या पाट्यांवर एका फार मोठ्या शाळेचे वर्णन लिहीत होती. सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका रचनेत शाळकरी मुलाचा दिवस येतो. आईकडून भाकरी घेऊन तो निघतो आणि उशीर झाल्याने धास्तावतो. मग दिवसभर छड्या खातो : बोलला म्हणून, उठला म्हणून, दाराबाहेर गेला म्हणून, अक्षर वाईट म्हणून. एक छडी सुमेरियन न बोलल्याबद्दलही आहे. शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल दंड भरलेल्या आजच्या मुलांना ही शिक्षा परकी वाटू नये. अखेरीस मुलगा वडिलांना गळ घालतो. ते गुरुजींना घरी जेवायला बोलावतात, नवे वस्त्र आणि अंगठी देतात. लगेच गुरुजींना शिष्याच्या गुणांचा साक्षात्कार होतो. ही रचना विनोदी आहे, आणि ती शाळेतच शिकवली जाई हे विशेष. तिच्यातील नाना अधिकाऱ्यांची शाळा मात्र बहुधा आधीच्या काळाची, उरच्या राजांच्या वैभवाच्या आठवणीतली असावी.

शब्दयाद्या, म्हणी आणि नमुन्याचे करारमदार संपले की साहित्याचा अभ्यास सुरू होई. दहा रचनांचा एक गट इतक्या वेळा एकत्र आढळतो की संशोधक त्याला ‘दशक’ म्हणतात. त्यात उरचा राजा शुल्गी आणि इसिनचा राजा लिपित-इश्तार यांची प्रशस्तिगीते आहेत, कुदळीवर रचलेले एक कवन आहे, केश येथील मंदिराचे स्तोत्र आहे, गिल्गमेश व हुवावा यांची कथा आहे. घर एफमध्ये अशा सुमारे ८० निरनिराळ्या रचनांच्या प्रती मिळाल्या.

धान्याच्या पावत्या आणि जमिनीचे करार लिहिण्यासाठी यांतले काहीही लागत नव्हते. मग हा अभ्यास कशासाठी? दशकातली राजांची नावे पाहिली की उत्तराचा माग लागतो. राज्य हम्मुराबीच्या घराण्याचे होते, पण मुले गौरवगीते उतरवत होती ती अस्त पावलेल्या उर आणि इसिनच्या राजांची. हम्मुराबीचे एकही स्तोत्र या दहांत नाही. सुमेरियन राजावळीही शालेय पाट्यांवर आढळते. तिच्यानुसार राजपद स्वर्गातून उतरले आणि एका नगरातून दुसऱ्या नगरात गेले. एका वेळी खरे राज्य एकाच नगराचे. प्रत्यक्ष इतिहास असा कधीच नव्हता, कारण अनेक नगरे एकाच वेळी स्वतंत्रपणे नांदत होती. तरीही अखंड, एकसंध सुमेरची ही कल्पना नव्या पिढीच्या मनावर बिंबवणारी जागा शाळा हीच होती. लेखनिकाला हिशेब येणे पुरेसे नव्हते. आपण एका थोर परंपरेचे वारस आहोत, हेही त्याने मानायला हवे होते.

या शिकवणीत स्मरणरंजन होते, राजकारण होते आणि छडीही होती. पण तिच्याशिवाय काय गमावले असते, याचा हिशेब मोठा आहे. केशच्या स्तोत्राची एक प्रत अबू सलाबिख येथे इ.स.पू. सुमारे २५०० ची मिळाली. तिच्यात आणि साडेसातशे-आठशे वर्षांनंतरच्या शालेय प्रतींत आश्चर्यकारक साम्य आहे. एन्हेदुअन्नाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. इ.स.पू. २३०० च्या सुमारास होऊन गेलेली ही राजकन्या अक्कादच्या सारगोनची मुलगी आणि उरच्या चंद्रदेवाची प्रमुख पुजारीण. नावानिशी ज्ञात असलेली जगातील पहिली कवयित्री म्हणून तिचा उल्लेख होतो. तिच्या नावावरील इनान्ना देवीचे स्तोत्र दशकातलेच आहे. त्याच्या सुमारे शंभर प्रती उपलब्ध आहेत, पण एकही तिच्या काळातली नाही. सर्व जवळपास पाचशे वर्षांनंतरच्या आहेत, आणि बहुतांश शालेय आहेत. त्यामुळे कर्तृत्व खरोखर तिचेच का, याविषयी काही अभ्यासक साशंक आहेत. तिच्या नावाची अलाबास्टरची तबकडी उरमध्ये सापडल्याने ती ऐतिहासिक व्यक्ती होती, एवढे मात्र निश्चित. शाळेत जाणारी बहुतेक मुले मुलगेच होती. एका स्त्रीच्या नावाचे काव्य त्यांच्या हातांनी टिकले.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. गुरुजींनी जे अभ्यासात घेतले नाही, ते बव्हंशी नाहीसे झाले. चुलीपाशी, शेतात, होडीत गायली गेलेली गाणी पाटीवर येण्याचे कारण नव्हते. सुमेरियन साहित्य म्हणून आज जे वाचले जाते, ते मुख्यतः एका अभ्यासक्रमाने निवडलेले साहित्य आहे.

हा अभ्यासक्रमही फार टिकला नाही. सम्सुइलुनाच्या काळात बंडे झाली आणि दक्षिणेतील नगरे एकामागून एक ओस पडली. इ.स.पू. १७२० च्या सुमारास निप्पूरही रिकामे झाले. पुढच्या काळात सुमेरियन शिकवली गेली, पण जुन्या रचनांपैकी थोड्याच, त्याही बऱ्याचदा अक्कादी भाषांतरासह, पुढे पोहोचल्या. इनान्नाच्या त्या स्तोत्राच्या नंतरच्या प्रती मिळत नाहीत. शाळा बंद पडली तसे ते स्तोत्रही वाचनातून गेले. त्याची समग्र आधुनिक आवृत्ती विल्यम हॅलो आणि योहानेस व्हान डाइक यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केली.

निप्पूरच्या पाट्या आज बगदाद, इस्तंबूल, फिलाडेल्फिया आणि शिकागो येथे विखुरल्या आहेत. एकाच पाटीचे दोन तुकडे दोन खंडांत असल्याचेही आढळते. ते जुळवण्याचे काम अजून चालू आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने सुमारे ४०० सुमेरियन रचनांचा मूळ पाठ आणि इंग्रजी अनुवाद संकेतस्थळावर विनामूल्य खुला केला आहे. दशकातल्या दहाही रचना तेथे वाचता येतात.